नाइटवाल्या मुलींची झोप

सकाळी अकराच्या सुमारास नागपूरच्या गांधीबागेत कापडबाजाराची शटरं वर जातात. ठेल्यांवर गाठी चढतात, हमालांची हाकाटी सुरू होते आणि सीए रोडवरच्या हॉर्नना खंड उरत नाही. रात्रभर प्रसूतिकक्षात उभ्या राहिलेल्या विद्यार्थिनींची झोपायची वेळ नेमकी हीच. खिडकीला जुनी ओढणी बांधलेली, पंखा पूर्ण वेगात, डोक्यावरून चादर. खोलीत कुणी आलं तर ट्यूबलाइट लावत नाही. लोखंडी कपाट आवाज न करता कसं उघडायचं, हे नर्सिंगच्या वसतिगृहात पहिल्या महिन्यातच शिकावं लागतं.

गांधीबाग म्हटलं की घाऊक कापड आठवतं. पण याच वस्तीत डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे. विदर्भाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून, शिवाय बालाघाट, शिवनी, छिंदवाडा अशा मध्य प्रदेशातल्या भागांतून बाळंतिणी नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या आशेनं येतात. सीए रोडवरचं मेयो रुग्णालयही इथून फार लांब नाही. एएनएमचा दोन वर्षांचा किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलींना प्रसूतीचा अनुभव अशा वॉर्डांतूनच घ्यावा लागतो. बारावी झालेल्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुली गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडून येतात. घराबाहेर राहण्याची बहुतेकींची ही पहिलीच खेप असते.

इतर महाविद्यालयांत वसतिगृह ही सोय असते, ते नसलं तरी शिक्षण अडत नाही. परिचारिकेच्या शिक्षणात मात्र ते पायातच घातलेलं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षणशाळा उघडली, तेव्हा विद्यार्थिनींनी रुग्णालयातच, देखरेखीखाली राहायचं असा नियम केला. त्यामागे शिस्त होती आणि आईबापांचा विश्वास मिळवायची गरजही होती. आपल्याकडे ही गरज आणखी मोठी होती. 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या निधीतून स्त्रियांच्या रुग्णालयांचं काम सुरू झालं. 1886 मध्ये मुंबईत कामा रुग्णालय उघडलं. बाई काशीबाई गणपत या मुंबईत 1891 मध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पुढे आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. परक्यांची अंगं पुसायची, रात्री घराबाहेर राहायचं, पुरुषांच्या वॉर्डात जायचं, हे सगळं त्या काळी मुलीच्या नावाला बट्टा लावणारं समजलं जाई. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनानं विधवांना या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा त्यांच्यासाठी सुरक्षित छप्पर शोधणं हे कामाचं निम्मं अंग होतं. मुलीला अभ्यास झेपेल का, या प्रश्नाआधी लोक विचारत होते, ती रात्री कुठं राहील. शंभर वर्षांनंतरही प्रवेशाच्या दिवशी बाप आधी वसतिगृहाचं फाटक बघून येतो आणि मग फीची चौकशी करतो. मला त्यात काही चूक वाटत नाही.

दिवस पहाटे पाण्यानं सुरू होतो. प्रत्येकीच्या बादलीवर नेलपॉलिशनं नाव लिहिलेलं असतं आणि नळाखाली बादल्यांची रांग असते. सकाळच्या ड्युटीवाल्या आधी, वर्गवाल्या नंतर. अंबाड्याला जाळी, नखं कापलेली, खिशात लहान कात्री, घड्याळ आणि वही. पोह्यांची ताटली उभ्यानं संपवून मुली वॉर्डात पोचतात. खाटांच्या चादरी कोपरे दुमडून ताणायच्या, टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास नोंदवायचे, ट्रे लावायचा. दुपारी वर्ग. संध्याकाळी हजेरी. त्यानंतर केसबुक लिहायचं, कारण किती गर्भवती तपासल्या आणि किती बाळंतपणं हातून केली याची नोंद सहीशिवाय धरली जात नाही.

खरा अभ्यास मात्र जेवणानंतर खाटेवर होतो. एक दंड पुढे करते, दुसरी पट्टा बांधून रक्तदाब मोजते, तिसरी पुन्हा मोजून तिची चूक काढते. इंजेक्शनचा हात फळावर बसवायचा ही जुनी रीत आहे आणि नागपुरात फळाला तोटा नाही. संत्र्याची साल सैल असते, सुई चटकन आत जाते, म्हणून मोसंबी बरी असं मुली सांगतात. भिंतीवर पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते ते दाखवणारा आलेख, चिकटवलेला असतो. गर्भाशयाचं मुख चार सेंटिमीटर उघडलं की आलेख सुरू, मग तासाला निदान एक सेंटिमीटर. रेघ उजवीकडे सरकू लागली की वरच्यांना कळवायचं. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनची दहा युनिट. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचे अपगार गुण. हे आकडे रात्री दहा वाजता एकमेकींना विचारले जातात, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कारण उद्या वॉर्डात आठवायला वेळ मिळणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

याच खाटांवर भाषाही शिकल्या जातात आणि मला या वसतिगृहांची ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते. एका खोलीत वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, माडिया, हलबी, पोवारी बोलणाऱ्या मुली असतात. आल्या आल्या त्यांना आपल्या बोलीची लाज वाटते. ‘मी जाऊन राहिली’ म्हटल्यावर कुणी हसलं की दोन दिवस तोंड उघडत नाहीत. मग एके दिवशी प्रसूतिकक्षात सीमेपलीकडची एखादी पहिलटकरीण कळांनी भेदरून जाते, मराठी समजत नाही, हिंदी तोडकी, आणि सिस्टर विचारते, हिची बोली कुणाला येते? पोवारी येणारी मुलगी पुढे होते, तिचा हात धरते, श्वास कधी घ्यायचा नि जोर कधी लावायचा ते सांगते. त्या रात्री वसतिगृहात त्या मुलीची जागा बदलते. बाकीच्या तिच्याकडून ‘दुखतं का’, ‘पाणी पाहिजे का’, ‘घाबरू नको’ एवढं तरी शिकून घेतात. अभ्यासक्रमाच्या कुठल्याच कागदावर हा विषय नाही. तो असायला हवा, आणि शिकवणाऱ्या या मुलींना त्याचे गुणही मिळायला हवेत.

आता झोपेचं. नागपूरचा मे महिना 45 अंशांच्या वर जातो. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला दुपारी झोपायचं तर कूलर लागतो, कूलरला पाणी लागतं आणि पाणी भरणाऱ्यांची पाळी लागते. तेच पाणी साचून राहिलं तर डासांच्या अळ्या होतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायला हवी, हा सामुदायिक आरोग्याचा धडा वर्गात शिकवला जातो आणि खोलीत तपासला जातो. न झोपलेली विद्यार्थिनी पहाटे चारला औषधाची मात्रा मोजते, रक्तस्राव किती झाला याचा अंदाज घेते. म्हणून नाइटवाल्यांसाठी वेगळी, आतल्या बाजूची, अंधारी खोली हा लाड नाही. रुग्णालयातल्या ऑक्सिजनइतकीच तीही रुग्णासाठीच आहे. वसतिगृहाची तपासणी होते तेव्हा खाटा मोजल्या जातात, शौचालयं मोजली जातात; मुली सलग किती तास झोपल्या हे कुणी विचारत नाही. आणि मनुष्यबळ कमी पडलं की विद्यार्थिनींना शिकण्याच्या नावाखाली कामाला जुंपायचं ही जगभरच्या रुग्णालयांची जुनी खोड आहे. नाइटिंगेलच्या पद्धतीतच तिचं मूळ आहे. ती आता मोडली पाहिजे.

फाटकावरच्या वहीबद्दल मुलींची तक्रार असते: बाहेर जायची वेळ, परतायची वेळ, भेटायला येणाऱ्यांचे फोटो. वीस वर्षांच्या, एकटीनं बाळंतपण करू शकणाऱ्या मुलीला संत्रा बर्फी आणायला जायचं तरी सही मागायची, हे मलाही खटकतं. पण 1973 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्याच आवारात हल्ला झाला, हे परिचारिका विसरलेल्या नाहीत. त्यानंतर 2015 पर्यंत, 42 वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्या बदलत त्यांना सांभाळलं. धोका फाटकाबाहेर नव्हता. वॉर्ड ते वसतिगृह या वाटेवर दिवा हवा, कपडे बदलायला कडी लागणारी खोली हवी आणि रात्री सोबत हवी. सुरक्षेचा सगळा भार मुलीच्या सहीवर टाकून भागत नाही.

रविवारी या मुली जराशा सैल होतात. गणवेशाचं कापड घ्यायला गांधीबाग पायाखालीच आहे. चौघी मिळून ताग्यातून कापड फाडून घेतलं की दर पडतो. मग बडकस चौक, तर्री पोहे, सांबारवडी. 2022 च्या डिसेंबरपासून अग्रसेन चौकात मेट्रोही थांबते, त्यामुळे शहराचं दुसरं टोक बघून संध्याकाळच्या हजेरीला परत येता येतं. गावाकडून कुणाच्या तरी हाती डबा येतो, त्यात सरगुंडे, कुरडया, लसणाचा ठेचा. डबा ज्या खोलीत उघडतो तिथे शेजारच्या खोलीतल्या मुली न बोलावता येतात.

अभ्यासक्रम संपला की एएनएम झालेल्यांपैकी अनेकींना उपकेंद्रावर जायचं असतं. सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असं सरकारी प्रमाण आहे. सहा-आठ जणींच्या खोलीतून निघालेली मुलगी तिथे अंगणात दिवा नसलेल्या क्वार्टरमध्ये एकटी येऊन पडते. रात्री दोनला दार वाजतं, बाहेर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, आत कळा देणारी बाई. तेव्हा बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्न पडतो: पाणी गेलंय, मुख पाच सेंटिमीटर, आधीचं सिझर, थांबू की पाठवू? त्या वेळी कुठल्या ना कुठल्या वॉर्डात नाइट करत असलेली कुणीतरी जागी असतेच. ती लिहिते, थांबू नको, 108 ला फोन लाव, मी इथे सिस्टरांना सांगून ठेवते.