ऑर्किडला दमट हवा द्या, डबके नको!

मृग लागला की कोकणातल्या शेडनेटमध्ये हमखास दिसणारे चित्र म्हणजे वर हिरवीगार रोपे आणि खाली घोटाभर पाणी. विचारले तर उत्तर येते, "ऑर्किडला ओलावा लागतोच की!" गफलत होते ती इथेच.

डेंड्रोबियम ऑर्किड मूळचे झाडाच्या सालीवर वाढणारे. त्याची मुळे पावसात भिजतात आणि वाऱ्यावर सुकतात. हवेत ६० ते ८० टक्के आर्द्रता हवी हे खरे; पण मुळे सतत भिजली की कुजतात. साचलेल्या पाण्याचे शिंतोडे उडून काळी कूज पसरते, गोगलगाईही वाढतात.

म्हणून पावसाआधीच जमिनीला उतार द्या, कडेने चर खणा, वर खडी पसरा. कुंड्या दोन-अडीच फूट उंच मांडणीवर ठेवा. कुंडीत माती नको. नारळाची सोडणे, कोळसा आणि विटांचे तुकडे घाला. पाणी सकाळीच द्या, म्हणजे सांजेपर्यंत पाने सुकतात. पावसाळ्यात बाजूचे पडदे उघडे ठेवून वारा खेळू द्या. उन्हाळ्यात मात्र खडीवर पाणी शिंपडा. हवा दमट राहील, मुळे मोकळी राहतील.

चराचे पाणी शेजाऱ्याच्या परसात सोडू नका. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. ग्रामपंचायतीनेही वाडीतली गटारे आधीच मोकळी करावीत.

रोप फुलावर यायला वर्ष-दोन वर्षे जातात, कुजायला एक झड पुरते. तेव्हा मंडळी, फावडे मे महिन्यातच काढा!