एकाच गेममधले दोन खेळ

‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा गेम बनतो शांघायमध्ये, मिहोयो या कंपनीत; पण चीनबाहेरच्या जगाला तो पुरवणारी कॉग्नोस्फिअर ही कंपनी सिंगापूरची. 28 सप्टेंबर 2020 रोजी, ऐन कोरोनाकाळात तो आला आणि फुकट असल्यामुळे मोबाइलवरून घराघरांत शिरला. सिंगापूरच्या एमआरटी मेट्रोत शाळेच्या गणवेशातली मुले मान खाली घालून त्यातल्या ‘तेयवात’ या काल्पनिक जगात भटकत असतात. पुण्या-नाशिकच्या घरांतही चित्र फारसे वेगळे नाही. आईवडिलांचा प्रश्न सगळीकडे एकच असतो, याने मुलाच्या डोक्यावर काय परिणाम होतो? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. या एका गेमच्या पोटात दोन निराळे खेळ आहेत. दोन्ही एकत्र कालवून ‘गेम चांगला की वाईट’ असे विचारले, तर मिळणारे कुठलेही उत्तर अर्धवटच राहणार.

पहिला खेळ भटकण्याचा. समोर उभा कडा असतो. चढायला लागले की पात्राशेजारी दमाचे पिवळे कडे उमटते आणि हाता-पायाच्या प्रत्येक हालचालीबरोबर ते घटत जाते. मध्ये पाय टेकायला जागा मिळाली तर दम पुन्हा भरतो, नाही मिळाली तर पात्र थेट खाली कोसळते. त्यामुळे मुरलेला खेळाडू आधी खाली उभा राहून कडा वाचतो: ही कपार, मग ती झाडी, मग उजवीकडचा कठडा. माथ्यावर पोहोचल्यावर पंख उघडून तरंगत उतरता येते आणि मघाशी खालून न दिसलेला पडका बुरूज, तळ्यामागची गुहा, तिथली पेटी नजरेत येते. शिवाय या जगाला स्वतःचे नियम आहेत. भिजलेल्या शत्रूवर थंडीचा मारा केला तर तो गोठतो, विजेचा केला तर त्याला पुन्हापुन्हा झटके बसतात. हे नियम डोक्यात ठेवून मुले लढाईचे बेत आखतात. हे सगळे मन लावून केलेले काम आहे, त्याला नुसता वेळकाढूपणा म्हणणे मला पटत नाही.

अशा भटकंतीत मेंदूचा कोणता भाग राबतो, हे बरेचसे ठाऊक आहे. 1971 मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा चेतापेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की चेतवल्या जातात. 2005 मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांनी शेजारच्याच भागात अंतराची जाळी आखणाऱ्या पेशी दाखवल्या. 2014 चे नोबेल या तिघांना मिळाले. हाच हिप्पोकॅम्पस आठवणी घडवण्याचेही काम करतो. म्हणून कॅलिफोर्नियातल्या क्लेमेन्सन आणि स्टार्क या संशोधकांनी 2015 मध्ये गेम न खेळणाऱ्या तरुणांना दोन आठवडे, रोज अर्धा तास खेळायला बसवले. एका गटाला त्रिमितीय जग असलेला सुपर मारिओ दिला, दुसऱ्याला सपाट पडद्यावरचा अँग्री बर्ड्‌स. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या वस्तूंतला फरक लक्षात ठेवण्याच्या चाचणीत मारिओचा गट सुधारला, अँग्री बर्ड्‌सचा नाही.

पण इथे एक मेख आहे. गेन्शिनमध्ये एक बटण दाबले की पुढच्या कामगिरीपर्यंत बोट धरून नेणारी खूण पडद्यावर येते. जीपीएसवर जास्त विसंबणाऱ्यांची जागांबद्दलची स्मृती कमजोर आढळते, असे मॉन्ट्रियलच्या दहमानी आणि बोबो यांनी 2020 मध्ये दाखवले. खुणेमागे धावणारा खेळाडू आणि कडा वाचणारा खेळाडू एकाच जगात वावरत असले, तरी दोघांच्या मेंदूला होणारा व्यायाम सारखा असेल, असे मला वाटत नाही.

खेळ जे मागतो तेच मेंदू शिकतो, याचा चांगला पुरावा सिंगापूरमधूनच आलेला आहे. नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातले अॅडम ओई आणि मायकेल पॅटरसन यांनी गेम न खेळणाऱ्यांना पाच प्रकारच्या मोबाइल गेमपैकी एकेक दिला. रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. 2013 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. लागोपाठ दोन गोष्टी झरकन समोर आल्या तर आपले लक्ष पहिलीत अडकते आणि दुसरी निसटते. मारधाडीचा गेम खेळलेल्यांमध्ये ही त्रुटी दिसेनाशी झाली. लपलेल्या वस्तू हुडकणाऱ्यांची नजरेने शोधण्याची क्षमता सुधारली, तीन रत्ने जुळवणाऱ्यांचीही सुधारली. सगळ्यांचे सगळे मात्र सुधारले नाही. ज्या गेमने जे करून घेतले, त्याच्या आसपासचेच कौशल्य वाढले. ‘गेमने बुद्धी वाढते’ आणि ‘गेमने बुद्धी मारली जाते’ ही दोन्ही विधाने या प्रयोगापुढे टिकत नाहीत.

आता दुसरा खेळ. नवी पात्रे मिळवण्यासाठी गेन्शिनमध्ये सोडत काढावी लागते. बटण दाबले की आकाशातून एक उल्का येते. ती निळी राहिली तर किरकोळ वस्तू, जांभळी झाली तर बरे काहीतरी, सोनेरी झाली तर पंचतारांकित बक्षीस. पात्राचा चेहरा दिसण्याआधीच रंग दिसतो, आणि मुले श्वास रोखतात ती त्या रंगासाठी. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेले प्रयोग इथे आठवतात. गोड रस कधी मिळणार हे माकडाला कळू लागले, की डोपामाइनच्या चेतापेशी रसाच्या वेळी चेतवल्या जात नाहीत. रसाआधी येणाऱ्या इशाऱ्याला चेतवल्या जातात. अपेक्षित रस आलाच नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. 2003 मध्ये त्यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली: इशारा आणि बक्षीस यांच्यामधल्या काळात या पेशींची सततची हालचाल सर्वांत जास्त असते, ती मिळण्याची शक्यता नेमकी निम्मी असते तेव्हा. गेन्शिनमध्ये उल्का सोनेरी झाल्यावरही हवे ते पात्रच मिळेल याची मुळात निम्मीच खात्री होती. ‘फिफ्टी-फिफ्टी हरलो’ हे वाक्य या खेळाडूंच्या तोंडी रोजचेच आहे. 2024 मध्ये कंपनीने हा नियम खेळाडूंच्या बाजूने किंचित सैल केला.

सोडतीचे गणितही पाहण्यासारखे आहे. पात्रांच्या सोडतीत पंचतारांकित बक्षिसाची जाहीर शक्यता दर वेळी 0.6 टक्के. एवढ्यावरच सोपवले असते तर 90 वेळा प्रयत्न करूनही शंभरातले सुमारे 58 जण रिकाम्या हाताने परतले असते. तसे होऊ नये म्हणून 90 व्या वेळी बक्षीस हमखास मिळते. ही हमी धरून सरासरी शक्यता 1.6 टक्के, म्हणजे साधारण 62 वेळांतून एकदा. ऐकायला ही हमी दयाळू वाटते. पण 70 वेळा हात हलवत परतलेल्या मुलाला ‘आता थोडेच राहिले’ असे वाटू लागते ते याच हमीमुळे, आणि तिथून उठून जाणे फार अवघड होते.

दोन्ही खेळ एकमेकांना जोडलेले आहेत, याची मला खरी चिंता वाटते. कड्यावरच्या पेटीतून निघतात ती सोडतीसाठी लागणारी रत्ने. कुतूहलाची कमाई अशी थेट सोडतीच्या खिडकीवर जमा होते.

ही चिंता किती मुलांच्या बाबतीत खरी ठरते? 2011 मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात डग्लस जेंटाइल आणि सिंगापूरच्या संशोधकांनी 3034 मुलांचा दोन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. मुले सिंगापूरच्या 12 शाळांतली, तिसरी-चौथीची आणि सातवी-आठवीची. ‘आहारी गेलेला’ कोण, हे त्यांनी निव्वळ तासांवरून ठरवले नाही. जुगाराच्या व्यसनासाठी मानसोपचारात वापरले जाणारे निकष त्यांनी गेमला लावले: खोटे बोलणे, थांबता न येणे, अभ्यासाचे नुकसान होणे, असे. सुमारे 9 टक्के मुले त्यात बसली आणि त्यांतली 84 टक्के दोन वर्षांनंतरही तशीच होती. उतावळा स्वभाव आणि लोकांत मिसळण्यातली अडचण असणाऱ्या मुलांना धोका अधिक दिसला. आहारी गेलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता पुढे वाढत गेली. म्हणजे दहातली नऊ मुले या जाळ्यात नव्हती. पण जे मूल अडकले, ते ‘मोठे झाल्यावर आपोआप सुटेल’ या भरवशावर सोडणे योग्य नाही.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कॉग्नोस्फिअरशी तडजोड केली: 2 कोटी डॉलरचा दंड आणि 16 वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकण्यास बंदी. आयोगाचा एक मोठा आक्षेप चलनांच्या गुंतागुंतीवर होता. पैसे देऊन स्फटिक घ्यायचे, स्फटिकांची रत्ने करायची, रत्नांचे सोडतीचे तिकीट करायचे. एका तिकिटाला 160 रत्ने. सर्वांत मोठा गठ्ठा 99.99 डॉलरचा, त्यात 8080 स्फटिक, म्हणजे 50 सोडती. नशिबाने अजिबात साथ दिली नाही तर हव्या त्या एका पात्रासाठी 90 च्या दोन फेऱ्या, अर्थात 180 सोडती, म्हणजे चार गठ्ठे, जवळजवळ 400 डॉलर. पाचवीतल्या मुलाला जमणारा हा त्रैराशिकाचा हिशेब आहे; पण बटणावर बोट असते तेव्हा पडद्यावर डॉलर नसतात, तिकिटे असतात. यापुढे चलनांचे दर आणि बक्षिसांची शक्यता उघड सांगावी, आणि सोडत थेट खऱ्या पैशांत विकत घेण्याची सोयही ठेवावी, असे आयोगाने कंपनीला बजावले.