डॅशबोर्ड कापू नका!

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, त्याआधी आपण परभणीतच. तेव्हा पद्मिनीतला रेडिओ मिडियम वेव्हवर परभणी आकाशवाणी पकडायचा. त्यावर मोबाईलची गाणी हवीत? मग नव्या स्टिरिओसाठी पत्रा कापू नका राव, तो परत जुळत नाही!

जुना सेट उघडा (व्हॉल्व्हचा असेल तर नको, आत शॉक बसण्याइतके व्होल्ट असतात). व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला डिटेक्टरची वायर येते. तिथे टॉगल स्विच टाकून ब्लूटूथ मॉड्यूलचा आवाज द्या. डावा-उजवा चॅनेल थेट जोडायचे नाहीत. प्रत्येकात १ किलोओमचा रेझिस्टर, पुढे डीसी अडवायला कपॅसिटर. मॉड्यूलचे ५ व्होल्ट बक कन्व्हर्टरमधून, फ्यूज लावूनच. आधी मीटरने अर्थ बघा. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं प्लस बॉडीला असतं. उलटं जोडलं की मॉड्यूल गेलंच. स्पीकर एकच, तेव्हा बास विसरा. पण डबा तोच, आजोबांचा.