पडद्याची वीज राखणारा कॅमेरा

लॅपटॉपमध्ये सर्वाधिक वीज घेणाऱ्या भागांत पडद्याची गणना होते. काही मिनिटे कळफलक वा माऊस वापरला गेला नाही, तर पडदा आपोआप मालवण्याची सोय संगणकात पूर्वीपासूनच आहे. परंतु तिला केवळ बोटांची हालचाल कळते. त्यामुळे दीर्घ परिपत्रक वाचणाऱ्या शिक्षकासमोरचा पडदा मध्येच काळवंडतो. कर्मचारी उठून गेल्यावर मात्र तो रिकाम्या खुर्चीसमोर मुदत संपेपर्यंत उजळत राहतो. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा उपयोग येथे होऊ शकतो.

चेहऱ्याचा शोध

पॉल व्हायोला व मायकेल जोन्स या संशोधकांनी २००१ मध्ये चेहरा शोधण्याची एक जलद पद्धत मांडली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद, तर दोन डोळ्यांमधील नाकाचा भाग उजळ दिसतो. चित्रातील लहान लहान चौकोनांत अशा छायाप्रकाशाच्या खुणा तपासल्या जातात. पहिल्या सोप्या कसोटीस न उतरणारा चौकोन तेथेच वगळला जात असल्याने काम झपाट्याने होते. हीच कल्पना सॅमसंग कंपनीने २०१२ मध्ये गॅलेक्सी एस-३ या भ्रमणध्वनीत उपयोगात आणली: पाहणारे डोळे समोर असेपर्यंत पडदा उजळता राही.

बचतीचे गणित

कॅमेराही वीज घेतो. तो अखंड चालू ठेवल्यास पडद्यावर वाचविलेली वीज तपासणीतच खर्ची पडेल. म्हणून मुदत संपताच कॅमेरा क्षणभर उघडावा, चेहरा दिसल्यास मुदत वाढवावी, न दिसल्यास पडदा मालवावा, ही रीत श्रेयस्कर होय. वाचकाला व्यत्यय येत नसल्याने मूळ मुदतही दहा मिनिटांऐवजी दोन मिनिटे ठेवता येते. खरी बचत होते ती येथेच.

मर्यादा आणि दक्षता

अंधुक प्रकाशात किंवा मान खाली घालून नोंदवही लिहिणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यास सापडेलच असे नाही. यास्तव पडदा प्रथम मंद करून पुन्हा एकदा तपासणी करणे इष्ट ठरते. चेहरा शोधणे म्हणजे व्यक्ती ओळखणे नव्हे. त्यामुळे चित्र साठविण्याची वा अन्यत्र पाठविण्याची आवश्यकता नसते. तशी परवानगी मागणारी आज्ञावली स्वीकारू नये. तसेच, मालवलेला पडदा म्हणजे कुलूपबंद संगणक नव्हे. नागरिकांच्या नोंदी उघड्या असताना जागा सोडणाऱ्याने विंडोज व एल या कळा एकत्र दाबून संगणक स्वतः बंदिस्त करावा. ती जबाबदारी कॅमेऱ्यावर सोपविता येणार नाही.