आमसुलामागे उरलेले धन

दिवाळीच्या सुक्या मेव्यात जर्दाळू आला की, उलव्याच्या आमच्या इमारतीतली मुले त्याच्या टणक बिया फोडायला बसतात. आतला दाणा हुबेहूब बदामासारखा, आणि बदामाच्याच कुळातला! हिमाचलात व लडाखात त्याचे तेल काढून स्वयंपाकात आणि अंगाला लावायला वापरतात. युरोपात बदामाऐवजी तो वाटून मिठाईत घालतात. मात्र दाणा कडू लागला, तर मुलांना तो लगेच थुंकायला सांगावे. कडू दाण्यातील अमिग्डालिनपासून पोटात सायनाइड तयार होते. असा एक छोटा कच्चा दाणाही लहानग्यांना सुरक्षित मर्यादेपलीकडे नेऊ शकतो, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली बजावले.

मला तर आपल्या कोकणातली बी अधिक मोलाची वाटते. रातांब्याच्या साली आमसुलासाठी वाळवल्या की मागे बिया उरतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर आलेले तेल गार होताच लोण्यासारखे थिजते. त्याचे मुठीने वळलेले गोळे म्हणजेच मुठेल, म्हणजेच कोकमतेल. भेगाळलेल्या टाचांवर ते पातळ करून लावण्याची रीत जुनीच. पुढे साबण व प्रसाधनांतही त्याला स्थान मिळाले. एवढेच नव्हे, तर चॉकलेटात कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतिज स्निग्धांना युरोपीय कायद्याने २००० साली ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, त्यांत आपले कोकमही आहे!

तेव्हा गृहिणींनो, गावाकडून आमसुले मागवाल, तेव्हा मुठेलाचा एक गोळाही अवश्य मागवा. मागणी राहिली, तरच बिया कुटणारे हात टिकतील.