स्विचर कोणता घ्यावा? : उपासनेच्या चित्रीकरणाविषयी थोडा विचार



या मालेत आपण प्रमाण, संशय, कर्तव्य अशा विषयांवर बोलत आलो. आजचा विषय बाजारातल्या एका डबीएवढ्या यंत्राचा आहे, म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. कळंबसारख्या तालुक्याच्या गावात पन्नास-साठ कुटुंबांचं चर्च असो, नाहीतर गल्लीतला हरिनाम सप्ताह असो, आज प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो : रविवारच्या उपासनेचं, कीर्तनाचं चित्रीकरण दोन-तीन कॅमेऱ्यांनी करायचं आहे, हाताशी वर्गणीचे थोडे पैसे आहेत, तर स्विचर कोणता घ्यावा?

आधी स्विचर म्हणजे काय ते बघू. लग्नाचं शूटिंग करणारे लोक त्याला मिक्सर म्हणतात. आवाजाचाही मिक्सर असतोच, त्यामुळे घोटाळा होतो. आपण चित्राच्या यंत्राला स्विचरच म्हणू. तीन-चार कॅमेऱ्यांच्या तारा त्यात येतात, एक तार बाहेर जाते. बटण दाबाल त्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेरच्या तारेत जातं. बाकी सगळं नंतरची सजावट.

न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. प्रमाण, प्रमेय, संशय, आणि चौथा प्रयोजन. संशयानंतर लगेच प्रयोजन यावं, हे आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं. ‘हा घ्यावा की तो’ असा संशय पडला, की यंत्रांची तुलना करत बसण्याआधी ‘कशासाठी?’ हे विचारायचं. ॲरिस्टॉटलही हेच सांगतो : विचारविनिमय साधनांचा होतो, साध्य आधी ठरलेलं असावं लागतं.

तर प्रयोजन काय? २०२० साली मार्चअखेर टाळेबंदी लागली. १२ एप्रिलचा ईस्टर लोकांनी घरातच केला. आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. त्या आठ महिन्यांत मोबाइलवरच्या उपासनेची सवय लागली. टाळेबंदी गेली, पण काही माणसं अजून दाराबाहेर येऊ शकत नाहीत. गुडघ्यांनी बसलेली आजी, डायलिसिसवर असलेला माणूस, पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा, दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर गेलेलं ऊसतोडीचं कुटुंब. चित्रीकरण यांच्यासाठी आहे. हे एकदा ठरलं, की निम्मी खरेदी आपोआप गळून पडते.

पहिली गोष्ट, आवाज. उपासना ही मुख्यतः ऐकण्याची गोष्ट आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंग आणि भजनं दिली. आपल्याकडची उपासना गाण्यावर आणि शब्दावर उभी आहे. चित्र थोडं धूसर असलं तरी आजी बघेल, पण प्रवचन घुमत असेल तर ती दोन मिनिटांत मोबाइल खाली ठेवेल. म्हणून पहिला खर्च आवाजावर. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून ‘रेकॉर्ड आउट’ किंवा ‘ऑक्स’ची तार थेट स्विचरमध्ये घ्या. मात्र त्यात फक्त माईकवाले ऐकू येतात, समोर बसून गाणारी मंडळी येत नाही. म्हणून दुसरा एक साधा माईक मंडळीकडे तोंड करून टांगा. म्हणजे स्विचर बघताना पहिला प्रश्न हा, की त्याला बाहेरून आवाज घेण्याच्या किती वाटा आहेत, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो का.

दुसरी गोष्ट, तारा. स्वस्तातले बहुतेक स्विचर एचडीएमआय तारेचे असतात. ही तार घरातल्या टीव्हीसाठी चांगली. दहा-पंधरा मीटरच्या पुढे साध्या तारेचा भरवसा राहत नाही, चित्र मधूनच जातं. दूर जायचं तर एसडीआय नावाची तार लागते. ती शंभर मीटरच्या आसपास नेता येते, पण दोन्ही टोकांना कन्व्हर्टर आले आणि खर्च वाढला. त्यापेक्षा स्विचरचं टेबलच कॅमेऱ्यांजवळ मांडा. आवाजाची तार लांबवणं त्या मानाने सोपं असतं. कॅमेऱ्यातून बाहेर येणाऱ्या चित्रावर बॅटरीचं चिन्ह, चौकोन, आकडे दिसत नाहीत ना, हेही विकत घेण्याआधी पाहा.

तिसरी गोष्ट आपल्या विजेची. भारतातली वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेरा ३० किंवा ६० फ्रेमवर ठेवला तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. म्हणून सगळे कॅमेरे २५ किंवा ५० फ्रेमवर, आणि शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर. ही मांडणी फुकट आहे, आणि महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी.

आता नावं घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीने २०१९ साली एटीईएम मिनी हा स्विचर आणला, अमेरिकेत २९५ डॉलरला. छोट्या संस्थांचा बाजार त्याने बदलून टाकला. त्यात चार एचडीएमआय वाटा, आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा, आणि लॅपटॉपला जोडायला यूएसबी आहे. प्रत्येक वाटेवर आलेलं चित्र तो स्वतः एका मापात बसवून घेतो, म्हणून जुना हँडीकॅम आणि नवा कॅमेरा शेजारी चालतात. उणीव दोन : तो स्वतः रेकॉर्ड करत नाही, आणि चारही चित्रं एका पडद्यावर एकदम दाखवत नाही. २०२० मध्ये आलेला मिनी प्रो या दोन्ही गोष्टी करतो. यूएसबी डिस्कवर रेकॉर्डही करतो आणि लॅपटॉपशिवाय थेट प्रक्षेपणही. त्याच वर्षीचा प्रो आयएसओ चारही कॅमेऱ्यांचं वेगवेगळं रेकॉर्डिंग ठेवतो, म्हणजे चुकीचं बटण दाबलं तरी नंतर दुरुस्त करता येतं. फीलवर्ल्डचा लाइव्हप्रो एल१ हाही चार वाटांचा, अंगावरच छोटा पडदा असलेला. ओसीचा गोस्ट्रीम डेक मेमरी कार्डवर रेकॉर्ड करतो. आणि ओबीएस स्टुडिओ हे तर फुकटचं सॉफ्टवेअर आहे. बरा लॅपटॉप असेल तर तोच स्विचर होतो.

मग यातलं घ्यायचं कोणतं? आम्ही तीन पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी : एक चांगला मोबाइल, स्टँड, आणि मिक्सरमधून येणारा स्वच्छ आवाज. स्विचर नाहीच. कॅमेरा एकच असेल तर स्विचर घेणं म्हणजे एकाच खोलीच्या घराला चार दारं लावणं.

दुसरी : दोन कॅमेरे आहेत, लॅपटॉप आहे, आणि तो चालवणारा मुलगा किंवा मुलगी दर रविवारी येते. मग साधा एटीईएम मिनी किंवा त्या तोडीचा स्विचर, आणि लॅपटॉपवर ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग. एक वाट गीतांचे शब्द दाखवायला ठेवा. घरी बसलेल्यालाही मग सोबत गाता येतं.

तिसरी : लॅपटॉपचा भरवसा नाही, किंवा चालवणारी माणसं दर आठवड्याला बदलतात. तिथे स्वतः रेकॉर्ड करणारा स्विचर घ्यावा. किंमत जास्त पडते, पण मधली एक कटकट जाते.

आणि तीनही पायऱ्यांवर एक खर्च चुकवू नका : यूपीएस. आपल्याकडे वीज सांगून जात नाही. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली, तर एमपी४ फाईल नीट बंद होत नाही आणि दोन तासांचं सगळं वाया जाऊ शकतं. ओबीएसमध्ये एमकेव्ही प्रकारात रेकॉर्ड केलं तर तोपर्यंतचं वाचतं. कॅमेरे बॅटरीवर असतात, स्विचर मात्र वीज गेली की बंदच.

आता थोडं गणित. सेकंदाला ६ मेगाबिट या दराने एक तास रेकॉर्ड केलं तर २.७ जीबी होतात. दोन तासांची उपासना ५.४ जीबी. ज्याचा दिवसाला दीड जीबीचा पॅक आहे, त्याने हे मूळ दर्जात बघायचं ठरवलं तर चार दिवसांचा डेटा लागेल. तेच फक्त आवाज ६४ किलोबिटने ठेवला, तर तासाला २९ एमबीसुद्धा होत नाहीत. फडावरच्या माणसाला व्हॉट्सॲपवर प्रवचनाचा नुसता आवाज पाठवला, तर तो चित्रापेक्षा जास्त पोचतो. प्रयोजन धरून चाललं की असा मार्गही दिसतो, ज्याला स्विचर लागतच नाही.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. स्विचरच्या बटणावर बोट ठेवणारा माणूस इतरांनी काय पाहायचं ते ठरवत असतो. देवळात किंवा चर्चमध्ये बसलेल्याची नजर त्याची स्वतःची असते. घरी बसलेल्याला दुसऱ्याने दिलेली नजर मिळते. एखादी बाई प्रार्थनेत रडते आहे, एखादा माणूस आजार सांगून प्रार्थना मागतो आहे. कॅमेऱ्याला हे चेहरे फार ‘चांगले’ दिसतात. पण ती बाई देवासमोर रडते आहे, यूट्यूबसमोर नाही. गाव लहान आहे. सोमवारी बाजारात तिला कोणीतरी विचारणारच. म्हणून नियम लिहून ठेवा : वैयक्तिक प्रार्थनेच्या वेळी वेदीचं दूरचं चित्र किंवा एखादं स्थिर चित्र. लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय जवळून नाहीत. एटीईएम मिनीवर स्थिर चित्राचं आणि पडदा काळा करण्याचं अशी बटणं असतात. कोणता स्विचर घ्याल त्यात ही सोय हाताशी आहे ना, ते पाहा. आणि लक्षात ठेवा, पडदा काळा झाला म्हणजे आवाज थांबलाच असं नाही; आवाजही वेगळा बंद करायला शिका.

म्हणून विकत घेण्याआधी गावातल्या शूटिंगवाल्याकडून एका रविवारपुरता स्विचर भाड्याने आणा. जो मुलगा किंवा मुलगी तो पुढे चालवणार, त्यांनाच बसवा. रेकॉर्डिंग घेऊन घरी असलेल्या तीन-चार माणसांकडे जा आणि दोनच प्रश्न विचारा : सगळं ऐकू आलं का? आणि आपण तिथे होतो असं वाटलं का? त्यांनी आवाजाची तक्रार केली तर माईक घ्या. ‘बोलणारा दिसत नव्हता’ म्हणाले तर दुसरा कॅमेरा घ्या, आणि मगच स्विचर. वर्गणी देणाऱ्यांत रोजंदारीवर जाणारी माणसं आहेत. त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीचा हिशेब आपल्याला देता आला पाहिजे.

प्रश्न असतील ते आता विचारा.