कटरबार गवतकापणी यंत्र

कटरबार गवतकापणी यंत्र हे ट्रॅक्टरला जोडून उभे गवत आणि चारापिके कापण्याचे यंत्र आहे. इंग्रजीत त्यास सिकल बार मोअर असे म्हणतात. जमिनीलगत आडव्या धरलेल्या लांब दांड्यात त्रिकोणी पात्यांची एक पट्टी वेगाने डावी-उजवीकडे सरकत राहते आणि दांड्यावरील स्थिर बोटांच्या कडेशी गवत कापले जाते. नावात 'सिकल' म्हणजे विळा असला तरी विळ्याशी या यंत्राचे नाते नावापुरतेच आहे. विळा गवताची मूठ धरून ओढीने कापतो, तर या यंत्राची क्रिया कात्रीची आहे. न्हाव्याच्या हातातील केस कापण्याचे यंत्र हे त्याचेच लहान रूप म्हणता येईल. कात्री कितीही धारदार असली तरी तिचा खिळा सैल झाल्यास कापड कापले न जाता दोन पात्यांत दुमडते. या यंत्राचेही तसेच आहे. गवत नीट कापले गेले नाही की धारेला दोष दिला जातो, परंतु दोष पुष्कळदा जुळणीत असतो.

इतिहास

सरकत्या पात्यांनी पीक कापण्याची कल्पना धान्यकापणीच्या यंत्रांतून आली. स्कॉटलंडमधील पॅट्रिक बेल यांनी १८२० च्या दशकात कात्र्यांच्या रांगेने धान्य कापणारे यंत्र तयार केले. अमेरिकेत ओबेड हसी यांना १८३३ मध्ये आणि सायरस मॅककॉर्मिक यांना १८३४ मध्ये कापणी यंत्राचे पेटंट मिळाले. या दोघांतील स्पर्धेची कथा बहुधा मॅककॉर्मिक यांच्या यशाने संपवली जाते. तथापि आजच्या कटरबारची ओळख असलेली रचना, म्हणजे फटी असलेल्या बोटांतून सरकणारी त्रिकोणी पाती, ही हसी यांच्या यंत्राच्या अधिक जवळची आहे.

घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या गवतकापणी यंत्रात पात्यांना गती यंत्राच्याच चाकांतून मिळत असे. त्यामुळे दाट गवतात घोडे मंदावले की पातीही मंदावत आणि नेमक्या गरजेच्या वेळी यंत्र अडकत असे. ट्रॅक्टरला पी.टी.ओ. शाफ्ट मिळाल्यावर ही अडचण दूर झाली, कारण पात्यांचा वेग ट्रॅक्टरच्या चालीपासून स्वतंत्र झाला. १९६० च्या दशकापासून युरोपात ड्रम आणि चकतीची फिरती कापणी यंत्रे पसरली व मोठ्या शेतांवरून कटरबार मागे पडले. फिरते यंत्र जुळणीतील हयगय बरीच खपवून घेते आणि अधिक वेगाने चालते. मात्र ते गवत कात्रीने न कापता आघाताने तोडते, त्यामुळे त्याला शक्ती पुष्कळ लागते. कृषी अभियांत्रिकीच्या अमेरिकन मानकात कटरबारसाठी दर मीटर रुंदीस सुमारे १.२ किलोवॅट, तर चकतीच्या यंत्रासाठी सुमारे ५ किलोवॅट शक्ती धरली जाते. लहान व जुन्या ट्रॅक्टरांवर कटरबार टिकून राहिले याचे हे मुख्य कारण होय.

रचना

कापणारा भाग म्हणजे कटरबार. त्याची लांबी बहुधा ५ ते ७ फूट असते आणि तो सामान्यतः ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूस बाहेर निघतो. त्याच्या पुढच्या कडेवर टोकदार बोटे बोल्टने बसवलेली असतात. त्यांना गार्ड किंवा फिंगर म्हणतात. प्रत्येक फिंगरच्या फटीत एक लहान स्थिर पाते असते, त्यास लेजर प्लेट म्हणतात. कात्रीचे एक पाते ते हेच. दुसरे पाते म्हणजे चालती पट्टी. तिच्यावर त्रिकोणी पाती रिव्हेटने किंवा बोल्टने एकापुढे एक जोडलेली असतात. पाती ३ इंच रुंद, दोन फिंगरांतील अंतर ३ इंच आणि पट्टीची एका दिशेची सरकही ३ इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर, हे प्रमाण बहुसंख्य यंत्रांत आढळते.

पट्टी वर उचलली जाऊ नये म्हणून तिच्यावर दाबपट्ट्या असतात आणि खाली झिजपट्ट्या असतात. कटरबारच्या दोन्ही टोकांना जमिनीवरून घसरणारे बूट असून त्यांच्या तळपट्ट्या वरखाली करून कापणीची उंची ठरते. बाहेरच्या बुटाला मागे तिरकी फळी लावलेली असते. ती कापलेले गवत आत ढकलून पुढच्या फेरीसाठी एक मोकळी वाट ठेवते. ही फळी मोडली म्हणून काढून टाकली, तर पुढच्या फेरीत आतला बूट कापलेल्या गवतावरून जातो आणि तेथेच यंत्र वारंवार तुंबते.

पी.टी.ओ. ची फिरती गती पट्ट्याने किंवा गिअरने क्रँककडे जाते आणि तेथून पिटमन नावाचा दांडा ती पट्टीला सरकत्या गतीच्या रूपात देतो. पिटमन अनेक यंत्रांत चिवट लाकडाचा असतो. तो धक्के शोषतो आणि काही अडकल्यास स्वतः मोडून महागडे भाग वाचवतो. तो मोडल्यावर त्याजागी लोखंडी सळई बसवणे म्हणजे वितळतारेच्या जागी जाड तार घालण्यासारखे आहे. नंतरच्या काळातील यंत्रांत पिटमनऐवजी डोलती पेटी किंवा परस्परविरुद्ध सरकणाऱ्या दोन पट्ट्या वापरून थरथर कमी केलेली दिसते.

जुळणी

यंत्र तीन बिंदू जोडणीवर चढवल्यावर प्रथम ते पातळीत आणतात आणि डावी-उजवीकडे हलू नये म्हणून खालच्या भुजांच्या साखळ्या ताणून घेतात. यानंतरची तीन कामे निर्णायक असतात.

पहिले काम म्हणजे बाहेरच्या टोकाची आघाडी. कापताना गवताचा विरोध कटरबारचे बाहेरचे टोक मागे ढकलतो. म्हणून उभ्या यंत्रात ते टोक मुद्दाम थोडे पुढे ठेवावे लागते, म्हणजे कामात कटरबार चालीच्या दिशेशी काटकोनात येतो आणि पिटमन व पट्टी एका रेषेत राहतात. दर फुटास पाव इंच हे सर्वमान्य प्रमाण आहे. ७ फुटी कटरबारला त्यानुसार पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे ४४ मिलिमीटर आघाडी लागते. मोजण्यासाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून कटरबार खाली उतरवतात, मागच्या चाकांच्या आसाशी समांतर दोरी ताणतात आणि दोरीपासून कटरबारच्या आतल्या व बाहेरच्या टोकाचे अंतर पाहतात. तत्पूर्वी बाहेरचे टोक हाताने मागे ओढून सांध्यांतील खेळ काढून घ्यावा लागतो, अन्यथा माप कागदावर बरोबर आणि शेतात चूक ठरते. आघाडी कमी भरल्यास काही यंत्रांत विकेंद्री बुश फिरवून ती वाढवता येते. परंतु बिजागरीची पिन आणि बुशच झिजलेले असतील तर ते बदलण्यावाचून उपाय नाही. आघाडी गेलेल्या यंत्रात पट्टी वाकडी ओढली जाते, तिचे पिटमनकडील टोक तापते आणि अखेरीस मोडते.

दुसरे काम म्हणजे पात्यांचे मध्यबिंदू जुळवणे. पट्टी डाव्या किंवा उजव्या सरकीच्या शेवटी पोहोचली की प्रत्येक पात्याचा मध्य फिंगरच्या मध्यावर यायला हवा. क्रँक हाताने सावकाश फिरवून दोन्ही टोकांना हे पाहतात. पाते एका बाजूला फिंगरच्या अलीकडे थांबत असेल आणि दुसऱ्या बाजूला पलीकडे जात असेल, तर एका दिशेची कापणी अपुरी राहते. मागे गवताच्या उभ्या ओळी दिसतात आणि यंत्र जड चालते. यंत्राच्या बनावटीनुसार पिटमनची लांबी बदलून किंवा कटरबारला धरणारा दांडा आत-बाहेर करून ही चूक सुधारतात. एक अष्टमांश इंचाचा फरकही कापणीत जाणवतो.

तिसरे काम फिंगर आणि दाबपट्ट्यांचे. एका टोकाला बसून कटरबारच्या लांबीवर डोळा लावला की वर-खाली झालेले फिंगर ओळखू येतात. येथे टोके एका रेषेत दिसणे पुरेसे नसते, लेजर प्लेट एका पातळीत हव्यात. टोके सरळ आणि प्लेट वाकड्या असा प्रकार दगड लागलेल्या यंत्रात नेहमी आढळतो. वाकलेला फिंगर त्याच्या जाड भागावर हातोडीचे बेताचे ठोके देऊन सरळ करता येतो. कडा गोल झालेली लेजर प्लेट मात्र बदलावी लागते, आणि नेमकी हीच गोष्ट टाळली जाते, कारण ती फटीत लपलेली असते. दाबपट्टी पात्याला जेमतेम स्पर्शेल इतकीच खाली असावी. ती सैल असल्यास पाते लेजर प्लेटपासून उचलले जाते व गवत मध्ये दुमडते. ती घट्ट असल्यास पट्टी तापते. पिटमन सोडवल्यावर पट्टी हाताने सहज सरकली आणि तरीही खडखडली नाही, तर जुळणी योग्य समजावी. दाबपट्टी खाली वाकवायची झाल्यास आधी पट्टी बाहेर काढून घेतात.

याखेरीज कटरबारचे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगांचा ताण असा ठेवतात की बूट जमिनीवर टेकतील, पण रुतणार नाहीत. दगड किंवा खुंट लागल्यास कटरबार मागे वळून सुटण्याची खिटी असते; ट्रॅक्टर मागे घेतला की ती पुन्हा बसते. गंजून जाम झालेली खिटी यंत्राला वाचवू शकत नाही, म्हणून हंगामापूर्वी ती एकदा सोडवून पाहणे इष्ट असते.

चालवण्याची पद्धत

कटरबार उतरवून, इंजिन मंद ठेवून पी.टी.ओ. जोडतात, वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांपर्यंत नेतात आणि मगच गवतात शिरतात. गवतात थांबून यंत्र सुरू केल्यास पहिल्या क्षणीच तुंबते.

चालीचा वेग गणिताने समजतो. क्रँक मिनिटाला ९०० फेऱ्या घेत असेल, तर पट्टी मिनिटाला १,८०० वेळा सरकते. ताशी ५ किलोमीटर चालीत प्रत्येक सरकीमागे यंत्र सुमारे ४६ मिलिमीटर पुढे जाते. ताशी ८ किलोमीटरला हे अंतर ७४ मिलिमीटर होते. त्यापलीकडे पात्याची धार गवतापर्यंत पोहोचण्याआधीच दांडा त्याला पुढे वाकवतो आणि खुंट कमी-जास्त उंचीचे राहतात. चाल कमी करायची झाल्यास गिअर खालचा घेतात, इंजिनाचा वेग कमी करत नाहीत, कारण त्याने पातीही मंदावतात.

कटरबार उजवीकडे असल्याने शेताच्या कडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत आत फेऱ्या घेतात. पहिल्या फेरीत ट्रॅक्टरखाली दबलेला कडेचा पट्टा नंतर उलट दिशेने फेरी मारून कापतात.

यंत्र तुंबल्यास कटरबार खालीच ठेवून ट्रॅक्टर थोडा मागे घेतल्यावर गवत बहुधा सुटते. न सुटल्यास पी.टी.ओ. तोडून, इंजिन बंद करून, फिरते भाग थांबल्याची खात्री करून काठीने गवत काढतात. हात घालणे कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य आहे. इंजिन बंद असतानाही ताणलेला पट्टा किंवा वजनदार फ्लायव्हील अडथळा निघताच पट्टी काही इंच सरकवू शकते, आणि बोट जायला ३ इंच पुरतात. क्रँक हाताने फिरवताना दुसऱ्या माणसाचा हात पट्टीवर असणे हा दुरुस्तीच्या वेळच्या अपघाताचा ठरलेला प्रकार आहे. वाहतुकीत कटरबार उभा करून खिटी लावतात. उभा कटरबार ट्रॅक्टरपेक्षा उंच जातो, त्यामुळे विजेच्या तारांकडे लक्ष ठेवावे लागते. उंच गवतात लपलेली मुले चालकाला दिसत नाहीत, म्हणून कापणी चालू असताना त्यांना शेतात येऊ देत नाहीत.

निगा

दोन पट्ट्या जवळ ठेवणे सोयीचे असते, म्हणजे एक शेतात असताना दुसरीला धार लावता येते. गुळगुळीत कडेची पाती मऊ गवताला चांगली आणि सहाणेवर पुन्हा धार लावण्याजोगी असतात. दातेरी कडेची पाती जाड काड्यांना उपयोगी पडतात व अधिक टिकतात, पण दात झिजल्यावर सहसा बदलली जातात. धार लावताना मूळचा उतार कायम राखतात आणि पोलाद तापून निळे पडू देत नाहीत. मोडलेले पाते काढण्यासाठी पट्टी शिकंजात पक्की धरून पात्याच्या मागच्या कडेवर हातोडीचा ठोका देतात. त्याने रिव्हेट कातरले जातात. नवे पाते पट्टीला फट न ठेवता बसले पाहिजे.

पिटमनच्या बेअरिंगला कामाच्या काळात दिवसातून अनेकदा वंगण लागते. वालुकामय जमिनीत मात्र पट्टीवर सढळ तेल ओतणे हानिकारक ठरते, कारण तेलात धरलेली वाळू कानसेचे काम करते. हंगाम संपल्यावर पट्टी काढून, तेल लावून भिंतीवर सरळ टांगतात. जमिनीवर टेकवून उभी ठेवलेली पट्टी वाकते आणि पुढच्या वर्षीची जुळणी तेथेच बिघडते.

वन्यजीवांवरील परिणाम

गवतातील कीटक, बेडूक आणि अन्य लहान जीव फिरत्या यंत्रांच्या तुलनेत कटरबारखाली कमी मरतात, कारण येथे शोषणारी हवा नसते आणि गवत एकाच जागी कापले जाते. त्यामुळे स्वित्झर्लंड व जर्मनीत संरक्षित कुरणांसाठी कटरबारला पसंती दिली जाते. हरणाची पाडसे व जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांना मात्र कटरबारही तितकाच घातक आहे. पाडस धोक्याच्या वेळी पळत नाही, अंग चोरून पडून राहते, आणि कटरबार त्याचे पाय कापून पुढे जातो. ब्रिटनमध्ये कॉर्नक्रेक हा पक्षी घटण्यामागे यांत्रिक गवतकापणी हे एक प्रमुख कारण मानले जाते. त्याच्या रक्षणासाठी तेथे शेताच्या मध्यापासून कडेकडे कापत जाण्याची शिफारस केली जाते, म्हणजे पिलांना बाहेर पळण्यास वाट राहते. कडेने आत येणारी नेहमीची फेरी त्यांना मध्ये कोंडते.

भारतातील वापर

भारतात गवतासाठी ट्रॅक्टरचलित कटरबारचा प्रसार मर्यादित आहे. कोकण आणि सह्याद्रीच्या उतारांवरील गवत आजही मुख्यतः विळ्यानेच कापले जाते. तुकड्यांची शेते, बांध आणि खडक यांत लांब दांडा वळवणे अवघड असते. यंत्राचा कापणारा भाग मात्र शेतकऱ्यांना परिचित आहे. गहू व भात कापणारे रीपर आणि कम्बाइन हार्वेस्टर यांच्या पुढच्या भागात हाच कटरबार असतो आणि त्याची पाती व फिंगर सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. मध्यबिंदू जुळवणे, दाबपट्ट्यांचा खेळ आणि लेजर प्लेटची झीज यांविषयीचे वरील नियम त्या यंत्रांनाही लागू पडतात. आघाडीचा नियम मात्र त्यांना लागू होत नाही, कारण तेथे कटरबार दोन्ही टोकांना चौकटीत पक्का बसवलेला असतो.